वेशीतल्या मारुतीची टाचणी

मला गणितातली चूक सहन होत नाही. हायस्कुलात गणित शिकवते म्हणून असेल किंवा स्वभावच तसा असेल. घरचे म्हणतात, हिच्या नाकावर राग असतो. माझ्या नाकावर चष्मा असतो आणि त्यातून चूक दिसते, याला मी काय करणार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान चालवणारे एक भाऊ आहेत. त्यांना जुन्या गोष्टींचा भारी नाद. एकदा माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पुडीत बांधता बांधता त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, ही बघा आपली हिंगोली." पिवळट कागद, बारीक काळ्या रेघा, इंग्रजी अक्षरं आणि कडेनं वाकडीतिकडी वाहणारी कयाधू. गोऱ्या फौजेची छावणी इथे होती त्या काळातला नकाशा होता. त्यात रेल्वेसुद्धा नव्हती. मी गोळ्या तिथेच काउंटरवर विसरून घरी आले, म्हणजे नाद मलाही लागलाच.

कुठल्याशा ग्रंथालयानं जुन्या शहरांचे नकाशे इंटरनेटवर ठेवले होते आणि ते आजच्या जमिनीवर बसवायला हौशी माणसं हवी होती. काम ऐकायला सोपं. पडद्याच्या डाव्या बाजूला जुना कागद, उजव्या बाजूला आकाशातून घेतलेलं आजच्या गावाचं चित्र. दोन्हींत एकच असलेली जागा शोधायची, इकडे एक टाचणी मारायची, तिकडे एक. अशा काही टाचण्या मारून झाल्या की संगणक जुना कागद ताणूनतुणून नव्या गावावर अंथरतो. पोळी वाकडी झाली की आपल्याकडे तिला नकाशा म्हणतात. इथे आमच्या डोळ्यांदेखत नकाशाची पोळी लाटली जात होती. कोणत्या टाचणीत किती चूक आहे, हे शेजारी लाल आकड्यांत दिसायचं. मला हे फार आवडलं. आपली चूक किती हे इतक्या सरळपणे सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

दर रविवारी दुपारी भाऊ दुकान पोरावर सोपवून आमच्याकडे यायचे. जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप, त्यांचं भिंग आणि आमची भांडणं. भांडण एकाच प्रश्नावर असायचं: इतक्या वर्षांत न हललेलं असं गावात काय आहे? नदी बदलते. रस्ते रुंद होतात. तळं आटतं, झाडं जातात. मी गावात वीस-पंचवीस वर्षं राहून हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. आता भाजी आणायला निघाले तरी माझी नजर चौथऱ्यांवर, जुन्या भिंतींच्या कोपऱ्यांवर, पुलाच्या दगडांवर. एकदा गोऱ्यांच्या कबरस्तानाच्या भिंतीचा कोपरा हातानं चाचपत उभी होते, तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन पोरी मला बघून पळाल्या.

कबरस्तानाचा कोपरा मिळाला. जुन्या कचेरीच्या इमारतीचा कोपरा मिळाला. पुलाची टोकं मिळाली. आणि पूर्वेच्या वेशीतला मारुती तर आम्ही शोधलासुद्धा नाही. नकाशात वेशीजवळ देवळाची खूण होती, ती वेस केव्हाच पडली, पण वेशीतला मारुती कुठे आहे हे हिंगोलीत झोपेतून उठवून विचारलं तरी कुणीही सांगेल. टाचणी मारून मोकळे झालो.

त्या रविवारी आत्याबाई चहा घेऊन आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. नेहमी त्या कप ठेवून निघून जायच्या, जाताना एवढं म्हणायच्या की सुटीच्या दिवशी डोळे फोडून घ्यायचे असतील तर घ्या. त्या दिवशी थांबल्या.

"काय करून राहिलीस ते तरी सांग."

"ही जुनी हिंगोली आहे, आत्याबाई. तुम्ही जन्मायच्या आधीची. हा बघा आपला वेशीतला मारुती."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मारुतीमागं बारव दावली का यात?"

मी आणि भाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. मारुतीमागे पत्र्याची एक शेड आहे आणि एक लांब भिंत आहे. पायऱ्यांची विहीर आम्ही दोघांनीही तिथे कधी पाहिलेली नाही. पण भाऊंनी भिंग लावलं, तर देवळाच्या खुणेमागे खरंच एक निळा चौकोन होता आणि त्याच्या एका अंगाला पायऱ्यांसारख्या बारीक रेघा.

"आहे की हो," मी म्हटलं. "तुम्हाला काहून पाहिजे बारव?" मी त्यांचीच बोली उचलून त्यांची फिरकी घेत होते. त्यांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी सोडून दिलं.

"तिथं माझी पोरगी हाय," त्या म्हणाल्या.

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं सांगितलं. भाऊंसमोरच सांगितलं, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट. तेव्हा हे लोक नरसीकडच्या खेड्यात राहायचे. माझे पती, त्यांचे भाऊ, कुणीच अजून जन्मलेलं नव्हतं. पहिली मुलगी झाली. बारसंही झालं नव्हतं, तोच तिला ताप आला. बैलगाडीनं हिंगोलीला आणलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. इतकं लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. सासरे तिला धोतरात गुंडाळून घेऊन गेले. आत्याबाईंना एका नातेवाइकाच्या घरी बसवून ठेवलं होतं, कारण बायामाणसांनी तिथे जायचं नसतं. तिन्हीसांजेला सासरे मोकळ्या हातानं परत आले.

"मी इचारलं, कुठं ठिवलं. तर म्हणले, वेशीतल्या मारुतीच्या मागं, बारवेच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली. बस. फिरून नाव न्हाई काढलं त्याइनी, मरेस्तोवर."

पाच-सात वर्षांनी हे कुटुंब पोरांच्या शाळेसाठी हिंगोलीत आलं. आल्या आल्या त्या मारुतीला गेल्या. मागे ना बारव, ना बाभूळ. लोकांना विचारलं तर म्हणाले, बुजली असंल. मग त्यांनी अंदाजानं भिंतीजवळची एक जागा धरली. दर शनिवारी मारुतीला तेल घातलं की मागच्या बाजूला जाऊन तिथे थोडा वेळ उभं राहायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांचा शनिवार मला ठाऊक होता. मला वाटायचं, मारुतीवर यांची भक्तीच जबर आहे.

"पण जागा बराबर हाय का न्हाई, कुणाला ठावं," त्या म्हणाल्या. "यात दिसंल का?"

माझ्या पतींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "मला मोठी बहीण होती?" आणि भात कालवत बसले. मला मात्र एक मोठी नणंद असती हा विचार डोक्यातून जाईना. दोन जावा आहेत त्याच मला पुरेशा आहेत, पण ही नणंद माझ्या बाजूनं बोलली असती अशी माझी उगीचच खात्री झाली.

पुढच्या रविवारी आम्ही संगणकाला नकाशा अंथरायला लावला. आत्याबाई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. जुना कागद सरकत, ताणत नव्या गावावर बसला आणि निळा चौकोन अगदी मारुतीमागच्या त्या भिंतीवर आला. जिथे त्या उभ्या राहायच्या तिथेच. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. माझा पडदा पुसलेला होता, एरवी मी ओरडले असते.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी घरात शिरा केला. कुणाच्या वाढदिवसाला केला नव्हता इतकं तूप घालून केला.

हे बसवलेले नकाशे कुणीतरी तपासतं. आमचा नकाशा तपासणाऱ्या बाई दुसऱ्याच शहरातल्या होत्या. आमची ओळखपाळख नाही. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला: तुमची देवळाची टाचणी चुकीची वाटते, त्यामुळे पूर्वेकडचा भाग पिळला गेला आहे, कृपया पाहा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भाऊंना म्हटलं, ही बाई जन्मात हिंगोलीला आली नसेल आणि आम्हाला आमचा मारुती शिकवते. चूक असेल तर त्या गोऱ्या मोजणीदाराची असेल, त्याला आपल्याकडचं ऊन लागलं असेल. पण लाल आकडा माझ्याकडे बघत होता. मारुतीपुढचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठा. आणि नीट पाहिलं तर नकाशातला पूर्वेचा रस्ता आजच्या रस्त्यापासून तिरपा निघून घरांच्या छपरांवरून चालला होता. हे मला आधी दिसायला हवं होतं. शिऱ्याच्या वासात दिसलं नाही.

आम्ही दोघं पुजाऱ्याकडे गेलो. मी सरळ विचारलं, "मारुती कधी हलवला होता का?"

पुजारी नाराज झाले. "मारुती हलत असतो का कुठं? पहिल्यापासून इथंच हाय."

शेजारच्या पानवाल्यानंही तेच सांगितलं. समोरच्या किराणावाल्यानंही तेच. मी जिंकले होते. तपासणाऱ्या बाईंना काय सुनवायचं त्याची वाक्यं जुळवत मी घरी आले. आणि ती लिहिण्याआधी, केवळ खुमखुमी म्हणून, मारुतीची टाचणी काढून पाहिली.

सगळा नकाशा सुटलेल्या श्वासासारखा सैल झाला. पूर्वेचा रस्ता आजच्या रस्त्यावर नीट जाऊन पडला, पुलाच्या टोकांची चूक नाहीशी झाली, कबरस्तानाची भिंत भिंतीवर आली. आणि जुन्या कागदावरचा मारुती त्याच्या निळ्या चौकोनासकट दूर, बकरी बाजाराच्या बाजूला, मोठ्या रस्त्याला लागून जाऊन बसला. मी टाचणी पुन्हा मारली. पुन्हा काढली. मारली की सगळं पिळायचं, काढली की सगळं सरळ. गणितात याला पुरावा म्हणतात. मला तो नको होता.

मी भाऊंच्या दुकानात गेले. त्यांनी मोबाइलवर ती जागा पाहिली, बोटांनी मोठी करून पुन्हा पाहिली. "मॅडम," मग म्हणाले, "इथं तर पंक्चरवाला बसतो. हनुमान जयंतीला पालखी निघते ना, ती पहिल्यांदा इथंच येते. रस्त्यावर नारळ फोडतात आणि मागं फिरतात. लहानपणापासून बघतोय. तिथं काहीच नाही, मग नारळ कशाला, हे कधी विचारलं नाही."

मीही ती पालखी कितीदा पाहिली होती. त्या नारळामुळे वाहतूक तुंबते म्हणून चिडलेही होते. आम्ही पुन्हा पुजाऱ्याकडे गेलो. या वेळी मी मारुती हलवला का असं विचारलं नाही. म्हटलं, "पालखी पंक्चरच्या दुकानापाशी का जाते हो?"

"देवाला जुनं घर दावून आणावं लागतं," पुजारी सहज म्हणाले.

"म्हणजे मारुती आधी तिथं होता."

"व्हता."

"मग परवा तुम्ही म्हणालात पहिल्यापासून इथंच आहे."

"हलवला म्हणायचं न्हाई, बाई. रस्ता मोठा व्हायचा व्हता, तवा देव आपल्या मनानं इकडं आला. आणि देव जिथं असतो तिथं पहिल्यापासूनच असतो." त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हतं. पानवाल्यालाही ते ठाऊक होतं, किराणावाल्यालाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव तोंडानं दुसरंच सांगत होतं, तेही खोटं बोलतोय असं न वाटता. बाहेरची माणसं असतो तर आम्ही रस्त्यांच्या चौकावर टाचणी मारली असती आणि चुकलो नसतो. आम्ही इथले, म्हणून मारुतीवर मारली. हसावं की रडावं कळेना, पण खरं सांगते, मजाही फार वाटली. एका गावानं मिळून एवढा मोठा दगड जागेवरून उचलला आणि भाषेतून मात्र हलू दिला नाही.

पुजाऱ्यांनी सांगितलेल्या सालावरून, रस्ता मोठा झाला तो मुलगी गेल्यानंतर, आत्याबाई अजून खेड्यात होत्या त्या वर्षांत. म्हणजे त्या हिंगोलीत आल्या तेव्हा मारुती नव्या जागी येऊन पहिल्यापासूनचा झालेला होता.

दुकानाच्या पायरीवर भाऊ म्हणाले, "नकाशा दुरुस्त करून पाठवा. घरी काही सांगू नका. मावशीचं वय बघा. त्यांना त्या भिंतीपाशी बरं वाटतं ना, वाटू द्या."

हे मलाही सुचलं होतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं तेच केलं असतं आणि कदाचित ते शहाणपणाचंही ठरलं असतं. पण त्यांनी मला विचारलं होतं, जागा बराबर आहे का. मला येत असलेलं उत्तर मी चुकीचं देऊ शकत नाही. शिवाय दर शनिवारी त्या तेलाची बाटली घेऊन निघणार आणि मी उंबऱ्यात उभी राहून बघणार, हे मला जमलं नसतं. मला रात्रंदिवस त्यांचा राग येत राहिला असता, आणि चूक त्यांची नसती.

मी सांगितलं. लॅपटॉप समोर ठेवून, टाचणी काढून आणि मारून दाखवत सांगितलं. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मग मी इतकी वर्षं कुणापाशी उभी राहत व्हते?"

मी लॅपटॉप मिटला. त्या उठून आत गेल्या. पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. शनिवार आला. तेलाची बाटली फळीवर तशीच राहिली. पतींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या आईच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलंय. मलाही तसंच वाटत होतं. दुरुस्त केलेला नकाशा तपासणाऱ्या बाईंनी मंजूर केला, छान काम झालं असंही कळवलं. मी त्यांना धन्यवादसुद्धा लिहिले नाहीत.

मग एका सकाळी शाळेला सुटी होती. मी भाजी निवडत होते. आत्याबाई चपला घालून समोर उभ्या राहिल्या. "चल, दाव मला."

रिक्षानं गेलो. पंक्चरचं दुकान, त्याच्या बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, मागे शिकवणीच्या क्लासची दोनमजली इमारत, पलीकडे बकरी बाजाराची भिंत. समोरून मोठा रस्ता, ट्रकमागून ट्रक. त्यांनी सगळीकडे पाहिलं.

"कुठं?"

मी मोबाइल काढला. "बारव साधारण या दुकानाच्या मागं होती. तिच्या वरच्या अंगाला म्हणजे..."

"नेमकं सांग."

"नेमकं नाही सांगता येत, आत्याबाई." मी हे वाक्य आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन. "जुना नकाशा हातानं काढलेला आहे. त्यात थोडी चूक राहतेच. मामंजींनी बाभळीखाली म्हणून सांगितलं, ती बाभूळ कुणी नकाशात काढलेली नाही. या एवढ्या घेरात कुठंतरी, एवढंच खरं." आणि मी हवेत हात फिरवून घेर दाखवला: दुकान, गुऱ्हाळ, क्लासची इमारत, भिंतीचा थोडा भाग.

मला वाटलं, आता त्या खचतील. पूर्वी निदान एक भिंत होती, आता मी त्यांच्या हातात अर्धा बाजार ठेवला होता. पण त्यांनी पदर खोचला.

"नेमकं न्हाई ना? मग सगळ्यालाच फेरा घालू."

मी डावीकडून निघाले तर त्यांनी माझा दंड धरून मला वळवलं. "उलटी काहून चाललीस? उजव्या हाताला ठिव." मग आम्ही त्या घेराला उजवीकडे ठेवून निघालो. मोबाइलवर निळा ठिपका आमच्याबरोबर चालत होता आणि मी बघत होते की आपण घेराच्या आत तर शिरत नाही ना. रस्त्याच्या कडेनं जाताना मी त्यांचा हात घट्ट धरला. गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, "रस देऊ का मावशी?" त्या म्हणाल्या, "मागनं येते." क्लासच्या इमारतीतून पोरींचा एक घोळका बाहेर पडला, हसत, एकमेकींच्या पाठीवरच्या पिशव्या ओढत. आत्याबाई त्यांना वाट द्यायला थांबल्या. शेवटची पोरगी जाईपर्यंत त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग भिंतीच्या कडेनं, गटार ओलांडून, टायरांच्या ढिगाला वळसा घालून आम्ही निघालो होतो तिथे पोचलो.

त्यांना दम लागला होता. आता त्या हात जोडतील असं मला वाटलं, म्हणून मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी दिली नाही आणि हातही जोडले नाहीत. पंक्चरवाल्याच्या मागच्या मातीकडे, रसाच्या चोथ्यावर बसलेल्या माश्यांकडे, त्या सगळ्या घेराकडे बघत राहिल्या, आणि मग निजलेल्या लेकराला उठवताना बोलतात तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "आले गं माय. तवा मला कुणी आणलंच न्हवतं."